रिकामी बशी

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पुरावा हवा असेल त्यांनी बडोद्याच्या निजामपुऱ्यात यावं, मी दिग्विजय भावजींचा उजवा हात दाखवते. म्हणजे, जिथे तो होता ती जागा दाखवते.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावास्या लागते, पिंपळ लागतो. इथे तसलं काही नाही. गेल्या वर्षीचा मे महिना, टळटळीत दुपार, आणि जागा बडोद्यापासून हजारो मैल लांब, ग्रीसच्या एका बेटावरची. बेटाचं नाव मी सांगणार नाही. तुमच्यातला एखादा अतिशहाणा तिकीट काढून जाईल आणि ते पाप माझ्या डोक्यावर येईल.

अवंतीताई माझी मावसबहीण. शाळेत इतिहास शिकवते. भावजी बाजव्याकडे रिफायनरीत इंजिनिअर. ग्रीस बघायचं हे ताईचं कॉलेजपासूनचं खूळ. भावजी वर्षानुवर्षं शिफ्टचं कारण सांगून टाळत होते, शेवटी एकदाचे हो म्हणाले. निघताना अर्धी बॅग थेपल्यांनी आणि खाखऱ्यांनी भरलेली. उरलेल्या जागेत सुनंदाकाकूंनी, म्हणजे ताईच्या सासूबाईंनी, बेसनाचे लाडू कोंबले.

पहिले काही दिवस मजेत गेले. बंदरावरच्या गर्दीला दोघं लवकरच कंटाळले आणि गाडी भाड्याने घेऊन रोज एकेक गाव बघत सुटले. एका गावात गल्लीच्या पायऱ्यासुद्धा संगमरवराच्या. दुसऱ्या गावात दारोदारी सब्जाच्या कुंड्या, ताईला तुळशीच वाटल्या. चौकात झाडाखाली म्हातारे एका कॉफीवर अख्खी सकाळ काढत बसलेले. भावजी म्हणाले, हे आपल्या दांडिया बाजारातले काकालोकच, फक्त टोपी वेगळी.

त्यांची घरमालकीण इरीनी नावाची बाई. तिने एकच गोष्ट बजावून सांगितली होती. इकडे जेवणानंतर सगळं गाव झोपतं. त्या वेळात कुणाच्या दारात जाऊ नका.

आपल्याला काय, वामकुक्षी माहीत नाही का? दोघं हसले आणि विसरून गेले.

ते गाव डोंगराच्या पाठीमागे होतं. नकाशात नुसता ठिपका. गावाच्या पाटीला गोळ्या मारून भोकं पाडलेली. तिथल्या लोकांना पाट्यांवर नेम धरायची हौस आहे म्हणे. रस्त्यावर पांढरी धूळ, संगमरवराची. चौकात कुणी नव्हतं. भावजी गाडी चालवून दमले होते. झाडाखालच्या बाकावर आडवे झाले आणि लगेच घोरायला लागले.

ताई एकटीच गल्लीत शिरली.

खिडक्या बंद. मांजर नाही. पाखरू नाही.

आणि मग...

ठक्.

कुणीतरी लाकडं फोडत होतं. ठक्... जरा थांबून पुन्हा ठक्. ताईला उलट बरं वाटलं. निदान एक माणूस तरी जागं आहे. आवाजाच्या रोखाने ती वर चढत गेली, तर एका घराचं दार अर्धवट उघडं, आणि दारात एक बाई उभी. नखशिखान्त काळे कपडे. काळा रुमाल डोक्यावरून हनुवटीखाली गच्च आवळलेला.

बाईने तिला खुणेने आत बोलावलं. एका काचेच्या बशीत चमचाभर मुरवलेली द्राक्षं आणली, सोबत पाण्याचा पेला. ताईला भरून आलं. आपल्याकडे पाहुण्याला गूळपाणी देतात, तसंच हे. परक्या मुलखात कुणीतरी आईच्या मायेने विचारलं असं तिला वाटलं. तिने द्राक्षं खाल्ली, पाणी प्यायलं.

बाईचं लक्ष मात्र सगळं मागच्या अंगणाकडे. तिकडूनच आवाज येत होता. ठक्...

बाईने बशी परत घ्यायला हात पुढे केला.

आता इथे आपली चाल आडवी आली. शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे सुनंदाकाकूंनी ताईच्या अंगात इतकं मुरवलंय की समोरच्या फ्लॅटमधल्या मितालीबेनची वाटीसुद्धा निदान साखरेच्या चिमटीशिवाय जात नाही. ताईने पर्स उघडली. आत दोन लाडू होते. भावजींनी सकाळी स्वतःच्या रुमालात बांधून तिच्याकडे दिलेले. निळ्या चौकडीचा पुरुषी रुमाल, कोपऱ्यात काकूंनी भरलेलं लाल ‘दि’. ताईने ती पुरचुंडी तशीच बशीत ठेवली.

बाईने रुमाल बघितला आणि तिचा चेहरा उतरला.

तिने पुरचुंडी मागे सारली. मान हलवली. नको.

ताईला वाटलं, ती संकोचतेय. आपणही आधी नको नकोच म्हणतो. तिने आग्रह केला. बाईने पुन्हा नको म्हटलं, दोन्ही हात जोडले. ताई हसली, तिचे हात धरून पुरचुंडी तिच्या मुठीत कोंबली.

मागचा आवाज थांबला.

अंगणातून बुटांची चाहूल आली... जड, सावकाश. घाईघाईत बाईने पुरचुंडी कपड्यात लपवायला बघितली आणि तिच्या मानेवरचा रुमाल सरकला. मानेभोवती एक रेघ होती. काळी, खोल. डोकं नुसतं धडावर ठेवल्यासारखं दिसत होतं.

बाईने ताईला छातीवर ढकलून बाहेर लोटलं. दार आपटलं.

आत एका पुरुषाने काहीतरी विचारलं. मोजके शब्द, शांत आवाज. मग...

ठक्.

हा लाकडाचा आवाज नव्हता. ताई सांगते, फणस फोडताना येतो तसा ओला आवाज होता तो. पुन्हा आला. पुन्हा आला. मधे एक घोगरा श्वास, आणि मग तोही नाही. ताई किंचाळत दारावर धडका मारत होती. दार आत कोसळलं.

आत छप्पर नव्हतं. जमिनीतून अंजिराचं झाड उगवून भिंतीबाहेर गेलेलं. चूल नाही, बाई नाही, बशी नाही.

रुमालही नव्हता.

इरीनीने सगळं ऐकून घेतलं. मोडक्या इंग्रजीत ती हळूहळू बोलली. ती बाई कुणाकुणाला दिसते. गोड देते. घ्यायचं, खायचं, रिकामी बशी ठेवून निघून जायचं. फार पूर्वी एका वाटसरूने तिला अशीच एक वस्तू दिली होती, पाण्याच्या मोबदल्यात. नवऱ्याला ती घरात सापडली. परक्या पुरुषाची वस्तू. त्याने कुऱ्हाडीने बायकोची मान तोडली आणि त्याच कुऱ्हाडीनिशी वस्तूच्या मालकाला शोधत निघाला. बंदरावर त्याला गाठला. ज्या हाताने दिली असेल तो हात आधी तोडला. मग मान.

“तू तिथे काय ठेवलंस?” इरीनीने विचारलं.

ताईने सांगितलं. इरीनीने छातीवर क्रूस काढला आणि भावजींकडे असं बघितलं की भावजींनी नजर वळवली. निघायच्या दिवशी ती निरोप द्यायलाही खाली आली नाही.

बडोद्याला आल्यावर भावजींनी हे सगळं उन्हावर ढकललं. डोकं तापलं, भ्रम झाला, विषय संपला. ताईलाही तसंच वाटून घ्यायचं होतं. जून उजाडला, शाळा सुरू झाली.

एके दिवशी चहाच्या वेळी सोसायटीच्या आवारातून आवाज आला.

ठक्...

वॉचमन म्हणाला, कुणीच काही तोडत नाहीये. पण फाटकाजवळच्या कडुनिंबाच्या बुंध्यावर ताजे घाव होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा. ताईने मनाशी हिशेब केला. आपल्याकडे चहाची वेळ होते, तेव्हा तिकडे दुपारची झोप लागलेली असते.

मग जिन्यात पांढरे ठसे दिसले. बुटांचे, संगमरवराच्या धुळीचे. आधी तळमजल्यावर. दोनेक दिवसांनी पहिल्या मजल्याच्या वळणावर. झाडणारी बाई पुसून जायची, चहाच्या वेळेला पुन्हा उमटायचे, थोडे आणखी वर. सोसायटीतली कुत्री आधी भुंकेनाशी झाली, मग दिसेनाशीच झाली. मितालीबेनने एकदा ताईला विचारलं, “अवंतीबेन, तमारे त्यां मिस्त्रीकाम चाले छे? रोज चाना टाइमे ठकठक.”

ताईने भावजींना हात जोडून सांगितलं, चहाच्या वेळी तुम्ही घरात थांबू नका. ते वैतागले. एवढा शिकलेला माणूस मी, एका रुमालाला घाबरून रस्त्यावर फिरू?

तो रविवार होता. काकू चहा गाळत होत्या. दारावर थाप पडली. कुरिअर असेल म्हणत भावजी उठले. ताई स्वयंपाकघरातून ओरडली, उघडू नका. तोवर दार उघडलं होतं. बाहेर कुणी नव्हतं. भावजींनी उजवा हात चौकटीवर ठेवला आणि जिन्यात वाकून बघितलं.

ठक्.

हात मनगटापासून सुटून उंबऱ्याबाहेर पडला. त्याची बोटं अजून हलत होती. भावजी नुसते मनगटाकडे बघत राहिले. मग रक्त उसळलं. भिंतीवर, चपलांवर, दारावरच्या गणपतीवर. दुसरा घाव चौकटीवर बसला आणि लाकडाचा ढलपा उडून काकूंच्या कपाळाला लागला. भावजी मागे सरकायला गेले तर त्यांचे केस कुणीतरी मुठीत धरले. डोकं मागे खेचलं गेलं, गळा उघडा पडला. गुडघ्यांवर फरफटत ते उंबऱ्याकडे ओढले जात होते आणि ओढणारा दिसत नव्हता. शेळ्यांचा आणि धुराचा उग्र वास मात्र घरभर पसरला होता.

ताईने अंग झोकून दिलं. नवऱ्याच्या गळ्यावर स्वतःचा गळा ठेवला.

“रुमाल मी दिला,” ती म्हणाली. “ह्यांनी तिला बघितलंसुद्धा नाही. तिने नको म्हटलं होतं. मीच दिला.”

त्याला मराठी कुठून कळणार? पण तिच्याजवळ त्या घडीला दुसरी भाषाच नव्हती.

सगळं थांबलं.

मग तिच्या मानेवरून काहीतरी गार, धारदार फिरलं... सावकाश, या कानापासून त्या कानापर्यंत. जागा बघून ठेवावी तसं. आणि भावजींचे केस सुटले.

काकूंनी पदर फाडून मनगट आवळलं, म्हणून भावजी वाचले. हात बर्फात घालून नेला होता, पण तो काही बसला नाही. पोलीस आले. त्यांनी घरातली विळीसुद्धा तपासली आणि ताईकडे फार वेळ बघत राहिले. शेवटी जिन्यातल्या कॅमेऱ्याने तिला सोडवलं. त्यात दार उघडताना दिसतं. मग हात पडताना दिसतो. मधे काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेल्या उंबऱ्यावर एक काचेची बशी होती. बशीत घडी घातलेला निळा रुमाल. कोपऱ्यातलं ‘दि’ कुणीतरी धागा न धागा उसवून काढलं होतं.

म्हणजे त्याला पटलं. रुमाल भावजींचा नाही. भावजी सुटले. त्यानंतर जिन्यात ठसे दिसले नाहीत, आणि आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. इथेच गोष्ट संपली असती तर मी ती लिहायला बसलेच नसते.

गेल्या आठवड्यात मी ताईकडे गेले होते. चहाच्याच वेळी, मला कुठे भान होतं. एप्रिलचं ऊन, पंखा गरम हवा फेकतोय, आणि ताईच्या मानेभोवती ओढणीचे दोन गच्च वेढे. अंगावर काळा ड्रेस. भावजी समोर सोफ्यावर डाव्या कुशीवर झोपले होते. काकू देवळात गेल्या होत्या.

ताई आत गेली आणि काचेच्या बशीत चमचाभर द्राक्षांचा मुरंबा घेऊन आली. सोबत पाणी.

“तू केलास?” मी विचारलं.

तिचं लक्ष मागच्या बाल्कनीकडे होतं.

मी खाल्लं. गोड होतं, थोडं तुरट. बशी परत देताना सवयीने माझा हात पर्सकडे गेला. येताना बाजारातून घेतलेली भाकरवडी होती, म्हटलं तीच ठेवावी. ताईने माझं मनगट पकडलं. तिची बोटं बर्फासारखी गार होती.

“कौमुदी, रिकामी दे,” ती म्हणाली. “आणि जा आता.”

भावजी माझ्यासमोर झोपलेले होते. घरात आणखी कुणी नव्हतं. आणि बाल्कनीतून आवाज आला...

ठक्.

मी बशी रिकामी परत दिली. पायात चपला न घालता जिना उतरले. खाली पोचेपर्यंत वरून काही ऐकू येतंय का, याकडे माझे कान लागले होते.

त्या ओढणीखाली काय आहे ते मी विचारलं नाही. ताई रोज रात्री मेसेज पाठवते, झोपलीस का म्हणून विचारते. मी उत्तर देते. फोन करायचा, तिचा आवाज ऐकायचा धीर मात्र मला अजून झालेला नाही.