पलंगाशेजारची जागा

माझी विमलवहिनी गंमत म्हणूनसुद्धा कधी खोटं बोलत नसे. ही हकीकत मी तिच्याच तोंडून ऐकली आहे. एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

आणि हे रात्री घडलेलं नाही.

भर दुपारी घडलं. साल १९५९. वैशाखातली दुपार. गाव राजूर, वणीजवळचं, कोळशाच्या खाणीचं.

माझा दादा, भगवानराव, सरकारी रस्त्यांच्या कामावर ओव्हरसियर होता. रस्ता जिकडे जाईल तिकडे त्याचं बिऱ्हाड. पाच वर्षांत चार घरं झाली. वहिनी सगळा संसार दोन पेट्यांत आणि एका गाठोड्यात बसवायची.

एकच वस्तू कशातच बसत नव्हती.

आमच्या आईचा, मैनाबाईचा पलंग.

अस्सल सागवानी. डोक्याशी कमरेइतकी उंच नक्षीची फळी, मच्छरदाणीला चार खांब, खाली जड खण. प्रत्येक घरी तो आत घ्यायला दाराची चौकट काढावी लागे. सामान न्यायला धावजी यायचा. महागावजवळच्या तांड्यावरचा बंजारा, घरच्या दोन बैलगाड्या असलेला.

"बाई," तो वहिनीला म्हणायचा, "आमचा आजा सारा संसार बैलाच्या पाठीवर टाकून मुलूख फिरे. तुमचा एक पलंग दोन बैलाले ओढवत नाही!"

"मंग तूच सांग ना मोठ्या बाईले," वहिनी हसून म्हणायची.

आतून आईचा आवाज यायचा, "सांगू दे त्याले! माह्या पलंगाले हात लावला त त्याच्या गाडीचं चाक काढून घेईन म्हणा!"

मग सगळेच हसायचे. धावजी सगळ्यात मोठ्यानं.

राजूरच्या आधीच्या, महागावच्या घरात आईची खोली फार लहान होती. पलंग आत गेला आणि खोली भरली. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत नुसता पलंग. केर काढायला जमीनच उरली नाही.

तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही...

आमच्याकडे माणसाला पलंगावर मरू देत नाहीत. शेवटची वेळ दिसली की जमीन शेणानं सारवायची, गोधडी अंथरायची आणि माणसाला खाली घ्यायचं. तोंडात तुळशीचं पान आणि गंगेचं पाणी. जीव जमिनीवर जायला हवा.

१९५८च्या डिसेंबरात आईची वेळ आली. अंगभर सूज होती. ती एकच म्हणत होती, "भगवान, मले खाली घे रे..."

खाली घ्यायला जागाच नव्हती.

तिला उचलून बाहेर न्यायचं सोडून दादा पलंग ढकलत बसला. वहिनीनं खांदा लावला. शेजारचे दोघं आले. पलंग तसूभर हलला नाही.

"मले खाली घ्या ना व..."

आणि आवाज थांबला.

मी सासरहून पोचले तेव्हा आई पलंगावरच होती.

पुढच्या एप्रिलात दादाची बदली राजूरला झाली. लोक म्हणाले, तो पलंग देऊन टाका. दादाचं मन होईना. पण तसाच नेण्याचीही त्याची हिंमत नव्हती. त्यानं सुतार बोलावला. नक्षीची फळी गेली. खांब गेले. खण गेले. राहिल्या पातळ फळ्या, चार पाय आणि आठ नटबोल्ट. एका पान्यानं सगळा पलंग सुटायचा.

धावजीनं त्याची एक बाजू एका हातानं उचलली. "आता झाला बंजाऱ्याचा पलंग!"

या वेळी कोणी हसलं नाही.

राजूरला क्वार्टरांच्या लाइनीत दोन खोल्या मिळाल्या. खाली शहाबादी फरशी. खाणीची काळी धूळ दिवसातून तीनदा पुसली तरी पुन्हा बसायची. धावजीनं पलंग जोडला, भिंतीला टेकवला आणि तो वणीला मुक्कामाला गेला.

दुसऱ्या दिवशी विसरलेला दोर न्यायला आला, तर दारातच थबकला.

"बाई, पलंग काहून सरकवला?"

"म्या नाही सरकवला."

"म्या त भिंतीले टेकवलता."

भिंत आणि पलंग यांच्यात वीतभर फट होती. दादा म्हणाला, "हलका झाला ना आता. कूस बदलली की सरकते." त्यानं पलंग परत लावला.

चार दिवसांनी फट हातभर झाली.

वहिनी धूळ पुसायला वाकली... आणि तिचा हात थांबला.

सगळ्या खोलीत काळी धूळ होती.

त्या फटीत नव्हती.

त्याच आठवड्यात दादाला मुदतीचा ताप भरला आणि तो त्याच पलंगावर पडून राहिला. वणीचे डॉक्टर एक दिवसाआड यायचे. "ताप एकवीस दिवसांचा आहे, सांभाळा," म्हणायचे. वहिनी तेव्हा तेवीस वर्षांची. पोटात तिसरा महिना. ना सासर जवळ, ना माहेर. दादाला काही झालं तर तिच्या मागं कोणी नव्हतं.

अकराव्या दिवशीची दुपार. बाहेर आग ओतत होती. लाइनीतली सगळी दारं बंद. खाणीचा भोंगा वाजून गेलेला. वहिनी बाहेरच्या खोलीत ओल्या पट्ट्या पिळत होती.

आतून आवाज आला.

सर्र... सर्र...

आधी तिला वाटलं, पाल असेल. मग तो आवाज तिच्या ओळखीचा झाला. लहानपणापासून तिनं तो रोज ऐकला होता.

जमीन सारवताना होतो तो आवाज.

पण सारवताना हाताच्या बांगड्या वाजतात.

इथं बांगड्या वाजत नव्हत्या...

आमची आई विधवा होती. तिचे हात मोकळे असायचे.

वहिनी दारापर्यंत गेली. पलंग भिंतीपासून दूर आला होता. एक माणूस आडवा मावेल एवढा. आणि त्या जागेत फरशीवर हिरवट, ओलं सारवण होतं. बोटांच्या अर्धगोल रेषांसकट. शेणाचा वास सगळ्या खोलीत भरला होता.

त्या लाइनीत कोणाकडे गाय नव्हती. म्हैस नव्हती. बकरीसुद्धा नव्हती.

जमीन तयार झाली होती.

कोणासाठी?

तेवढ्यात दादा हलला. अकरा दिवस ज्याला मान उचलवत नव्हती, तो कोपरावर उठला. डोळे मिटलेले. तोंड त्या जागेकडे.

"माय... आलो व... थांब..."

त्याचा एक पाय पलंगाखाली उतरला.

वहिनीनं धाव घेऊन त्याला धरलं. तापानं काटकी झालेला माणूस, पण तिला आवरेना. कोणीतरी खालून हात द्यावा तसा तो खाली उतरत होता. तिनं एका हातानं त्याची बंडी धरली आणि ती सासूला उद्देशून ओरडली,

"आत्याबाई! ते नाही! त्याईची वेळ नाही झाली!"

पाय थांबला नाही.

तेव्हा तिला महागावची खोली आठवली. खाली घ्या, खाली घ्या. चार माणसं आणि न हललेला पलंग.

तिनं दादाला सोडलं.

हे तिनं मला तिन्ही वेळा याच शब्दांत सांगितलं. "सोडलं म्या त्याईले. तसंच सोडलं." ती पेटीकडे धावली. आईची गोधडी काढली. देवाजवळचा गंगेचा गडू घेतला. कुंडीतली सुकलेली तुळस तोडली. पलंगाला वळसा घालून त्या ओल्या जमिनीवर गोधडी अंथरली, उशाशी पान ठेवलं, पळीभर पाणी ठेवलं.

"आत्याबाई, चुकलं आमचं. तवा जागा नव्हती. आता हाये. या, खाली या. ही तुमची जागा होय."

काही झालं नाही.

मग गोधडी मध्ये दबली...

हळूच. आधी कमरेपाशी. मग खांद्यांपाशी. मग डोक्यापाशी.

वहिनी हात जोडून तशीच बसून राहिली. किती वेळ, तिला सांगता आलं नाही. वर पाहिलं तेव्हा दादा उताणा निजला होता, घामानं भिजलेला. ताप उतरला होता. अकराव्या दिवशी.

पळी कोरडी होती.

दादाच्या आजारपणामुळं वणीलाच थांबलेला धावजी संध्याकाळी बर्फ घेऊन आला. त्यानं खोली पाहिली. गोधडी पाहिली. फरशीवर आता सारवण नव्हतं, पण त्यानं नाकानं वास घेतला आणि पागोटं काढून हातात धरलं.

"याडी," एवढंच म्हणाला. त्यांच्या बोलीत आईला तसं म्हणतात.

त्यानं पलंग सरकवायला हात घातला नाही. वहिनीनंही नाही.

त्यानंतर वहिनीनं अकरा घरं बदलली. मुलगा झाला, मोठा झाला. पलंग कुठल्या तरी बदलीत विकला गेला. पण नवा कोणताही पलंग तिनं भिंतीला टेकू दिला नाही. माणूसभर जागा सोडायची. पाहुणे हसायचे. ती हसायची नाही.

सहा वर्षांपूर्वी वहिनी गेली. पलंगाशेजारी, जमिनीवर, नीट उताणी. घरात कोणी नव्हतं. तिला कोणी खाली घेतलं, ते कोणालाच माहीत नाही.

हे मी आज का लिहिते आहे?

मी आता यवतमाळला नातवाकडे असते. भाड्याचा फ्लॅट. वर्षाला घर बदलायचं म्हणून त्यानं मला नवा पलंग आणला. "आजी, चार स्क्रू काढले की गाडीत. एकदम हलका." खोली लहान, म्हणून भिंतीला टेकवला.

परवा दुपारी डोळा लागला होता. जाग आली तेव्हा वीतभर फट होती.

नातू म्हणाला, "हलका आहे ना आजी, कूस बदलली की सरकतो."

दादाही अगदी हेच म्हणाला होता.

आज फट हातभर आहे. मी वाकून पाहिलं नाही. पण खोलीत एक ओळखीचा वास आहे...

पलंग मी परत भिंतीला लावलेला नाही.