चौथ्या तिकिटावरचा फोटो

रविवारी सकाळी कपडे वाळत घालून झाले आणि ताई सहलीचा आराखडा करायला बसली. ती इस्पितळात एक्स-रे काढायची. दिवसातून चाळीस वेळा ‘श्वास रोखा’ आणि चाळीस वेळा ‘सोडा’ म्हणायचं, हे तिचं काम. एक्स-रेच्या तपकिरी पाकिटांना घरात तोटा नव्हता, त्यामुळे वाणसामानापासून आयुष्यभराच्या बेतांपर्यंत सगळं ती त्यांच्या पाठीवर लिहायची. आज वर लिहिलं होतं ‘कॉन्सर्ट’, आणि त्याखाली दोन रेघा.

या बँडची वाट दोघी बहिणींनी चौदा वर्षं पाहिली होती. लहान खोली, एक कॉट, इअरफोनची एकच जोडी. डावा छोटीच्या कानात, उजवा ताईच्या. हे लोक कधी आपल्याकडे आले तर दोघींनीच जायचं आणि शेजारी शेजारी बसायचं, अशी त्या कॉटवर शपथ झाली होती. आता ते येणार होते. आठ तासांवरच्या शहरात, पन्नास हजारांच्या स्टेडियममध्ये. आणि छोटी फोनवर किती सहज म्हणाली, "ताई, आपण तिघं जाऊ या! त्यालाही यायचंय."

‘तो’ म्हणजे छोटीचा नवरा. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, म्हणून ताई मनातल्या मनात त्याला चष्मेवाला म्हणायची. माणूस वाईट नव्हता. गेल्याच महिन्यात त्याने स्वतः नंबर तपासून ताईला निळ्या काड्यांचा चष्मा करून दिला होता, पैसेही घेतले नव्हते. तरी ताईच्या पोटात दुखायचं ते दुखायचंच. ज्याला त्या बँडचं एक गाणं धड म्हणता येत नाही, तो आता छोटीच्या डाव्या बाजूला बसणार, उजव्याही बाजूला त्याचीच पिशवी असणार, आणि आपण पलीकडे कुठेतरी शेपटासारख्या. हे तिला सहन होत नव्हतं, आणि होत नाही हे ती स्वतःशी कबूलही करत होती.

तिकिटं जोडीनेच मिळत होती. दोन घ्या, नाहीतर चार. तीन नाहीत. पडद्यावर पूर्वेच्या स्टँडमध्ये एका ओळीत चार हिरवे चौकोन रिकामे होते. ताईने ते पाहिले, चांगले निरखून पाहिले. मग दोन पूर्वेला घेतले आणि दोन पश्चिमेला, बरोबर समोरासमोर. मधे अख्खं मैदान.

"एकत्र चार जागा नव्हत्याच गं," ती छोटीला म्हणाली. "तू आणि मी पूर्वेला. माझ्या कामावरची एक मैत्रीण आहे, बिचारी एकटीच असते. तुझ्या नवऱ्याला तिची सोबत होईल."

अशी मैत्रीण कुठेच नव्हती. ऐन वेळी ती आजारी पडणार होती, हेही ताईने ठरवून ठेवलं होतं. पण प्रत्येक तिकिटाला नाव, जन्मतारीख आणि फोटो लागत होता. नाव सुचेल ते टाकलं. फोटोच्या जागी तिने आपलाच दुसरा फोटो लावला, तर यंत्राने नकार दिला. हा चेहरा आधीच नोंदवलेला आहे म्हणे. मग तिने जुना फोटो शोधून काढला. चौदा वर्षांपूर्वीचा. डेनिमचं जॅकेट, मोकळे केस, चष्मा नाही, तोंडभर हसू. शेजारी गालाला गाल लावून छोटी होती, तिला कडेने कापून टाकावं लागलं. हा फोटो यंत्राने लगेच घेतला.

आठवड्याने छोटीचा फोन आला.

"ताई, तुझ्या त्या मैत्रिणीचा फोन आला होता. काय गोड बोलते गं! दीड तास बोलत होतो. सगळी गाणी पाठ आहेत तिला."

"कुठली मैत्रीण?"

"कामावरची. जी येतेय ती. आणि खरं सांगू? चिडू नकोस हं. अगदी तू पूर्वी होतीस ना, तशी आहे."

ताईला खरं तर भीती वाटायला हवी होती, पण आधी आला तो राग. लग्नानंतर छोटी तिच्याशी दहा मिनिटांच्या वर बोलली नव्हती, आणि या कुठल्या बाईशी दीड तास! ‘पूर्वी होतीस तशी’ म्हणजे काय? आता काय झालंय मला? फोन ठेवल्यावर कितीतरी वेळाने तिच्या लक्षात आलं, की अशी बाईच नाही. छोटी थट्टा करत असणार, आपली लबाडी तिला कळली असणार, अशी तिने समजूत घालून घेतली. खात्री करायला परत फोन मात्र केला नाही.

कॉन्सर्टच्या दिवशी रात्रपाळीवरून सुटून, सकाळची पहिली ट्रेन पकडून ताई दुपारी हॉटेलवर पोचली. पाकिटावरच्या आराखड्याप्रमाणे एक खोली छोटी आणि चष्मेवाल्याची, दुसरी ताई आणि मैत्रिणीची, म्हणजे एकट्या ताईची. काउंटरवरच्या बाईने किल्ली देताना तिच्याकडे थोडं टक लावून पाहिलं.

"तुमच्याबरोबरच्या मॅडम सकाळीच आल्या. आत्ता खाली गेल्या, तुमच्या बहिणीबरोबर. तुम्ही… तुम्ही त्याच नाही ना?"

"नाही," ताई म्हणाली. तिने किल्ली घेतली.

खोलीत डांबराच्या गोळ्यांचा वास भरला होता. फोटोतलं ते डेनिमचं जॅकेट वर्षभर ट्रंकेत असायचं, तेव्हा त्याला हाच वास यायचा. पण जॅकेट आईने केव्हाच कुणाला तरी देऊन टाकलं होतं. खिडकीजवळच्या पलंगाची चादर चुरगळलेली होती. उशीवर वायरचे जुने इअरफोन पडले होते. ताईने हात लावला. डावा गार होता. उजवा कोमट होता, जणू आत्ताच कुणी कानातून काढला असावा.

तिने घाईघाईने पर्समध्ये हात घातला. तिकिटांऐवजी मनगटाला बांधायचे पट्टे आले होते; त्यांतले छोटीचे आणि चष्मेवाल्याचे तिने आधीच कुरियरने पाठवले होते. उरलेले दोन पर्समध्ये होते, सकाळी ट्रेनमध्येसुद्धा तिने ते मोजले होते. आता एकच होता. एक तर एक, आपलाच असणार, असं म्हणत तिने तो मनगटाला बांधला. हे पट्टे एकदा बसले की कापल्याशिवाय निघत नाहीत.

स्टेडियमच्या फाटकावर ऊन अजून उतरलं नव्हतं. हजारो माणसं, टी-शर्ट, आरडाओरडा. एवढ्या उजेडात आणि गर्दीत काय होणार, असं वाटून ताईला जरा धीर आला. फाटकावरच्या मुलीने पट्टा यंत्राला लावला.

"पश्चिम स्टँड."

"पूर्व. माझी जागा पूर्वेला आहे, बहिणीशेजारी."

मुलीने पडद्याकडे पाहिलं, मग ताईकडे, मग पुन्हा पडद्याकडे. पडद्यावर मोकळ्या केसांचा जुना फोटो नव्हता. निळ्या काड्यांचा चष्मा लावलेली, थकलेली, आजची ताई होती.

"फोटो जुळतोय की. पूर्वेच्या त्या दोघी केव्हाच आत गेल्या. हातात हात घालून. मागे रांग आहे मॅडम, चला…"

पश्चिमेच्या स्टँडमध्ये चष्मेवाला बसलेला दिसला तेव्हा ताईला त्याला मिठी मारावीशी वाटली. ज्याला टाळायला हा सगळा खटाटोप केला, तोच आता आपलं माणूस वाटत होता. ती त्याच्या शेजारी धपकन बसली.

"अहो, ऐका… काहीतरी भलतंच होतंय. छोटीजवळ कोण बसलंय?"

तो अदबीने थोडा सरकला.

"ताई बसल्यात ना तिच्याजवळ. तुम्ही ताईंच्या कामावरच्या, नाही का? छोटी सांगत होती." मग धंद्याच्या सवयीने त्याची नजर तिच्या डोळ्यांवर गेली. "चष्मा सुंदर आहे हं तुमचा. कुठून केलात?"

तेवढ्यात मैदानावरचा भलामोठा पडदा उजळला आणि कॅमेरा गर्दीवरून फिरू लागला. पूर्वेच्या स्टँडवर तो थांबला. छोटी! गालावर बँडचं चिन्ह रंगवलेलं, लग्नाआधी हसायची तशी हसत. तिच्या गालाला गाल लावून डेनिमचं जॅकेट, मोकळे केस. लोकांनी शिट्ट्या मारल्या. चष्मेवाला उठून हात हलवू लागला. "बघा, बघा, दोघी बहिणी कशा दिसतायत!"

आणि खरंच, छान दिसत होत्या. ताईला त्या क्षणी सगळ्यात जास्त टोचलं ते हेच.

तिने फोन लावला. पडद्यावर छोटीने पर्समधून फोन काढला, कानाला लावला.

"छोटी… छोटी, मी ताई बोलतेय…"

छोटीच्या कपाळाला आठी पडली. तिने फोन शेजारणीकडे दिला. शेजारणीने तो घेतला, आणि पन्नास हजार माणसांच्या गोंगाटातून ताईला छोटीचा प्रश्न स्वच्छ ऐकू आला. "कोण गं, ताई?"

"कुणी नाही गं." आवाज ताईचाच होता. "माझ्या कामावरची मैत्रीण. बिचारी एकटीच असते."

मग तो आवाज फोनच्या अगदी जवळ आला, हळू, शांत, रोजच्या सवयीचा.

"श्वास रोखा…"

मैदानावरचे सगळे दिवे गेले. पहिल्या गाण्याचा पहिला सूर लागला. अंधारात ताई फोन कानाला घट्ट धरून, छाती भरून, ‘सोडा’ ऐकायची वाट पाहत बसली.