दादाच्या बॉलमधले सात तुकडे

यातलं एक अक्षरही मी वाढवलेलं नाही. उलट मामाने सांगितलेल्या दोन गोष्टी गाळल्यात, कारण त्या लिहायला बसले की माझा हात थांबतो.

रात्र, अंधार, गेलेले दिवे हवे असतील तर ते यात नाहीत.

भर दुपार होती. रविवार. अडीच वाजलेले. तिसऱ्या मजल्यावरचं माझ्या धाकट्या मामाचं घर, आणि त्याची लख्ख उजेडाची बाथरूम.

या मामाला सगळे ढब्बूमामा म्हणतात. अंगाने तसाच आहे... म्हणजे तेव्हा तरी होता.

तो एका बोलिंग हॉलमध्ये, म्हणजे जड बॉल घरंगळत सोडून दहा पिना पाडायच्या खेळाच्या ठिकाणी, मशिनी दुरुस्त करतो आणि मेंबर लोकांचे बॉल घरी धुऊन देतो. बॉल ज्या लांब लाकडी पट्टीवरून सोडतात, त्या लेनवर तेल लावलेलं असतं. बॉल घरंगळताना ते पितो, आणि तेल प्यालेला बॉल मग हवा तसा वळत नाही. अशा बॉलला हाताला सोसवेल इतक्या गरम पाण्यात, भांड्यांचा साबण घालून बुडवून ठेवायचं. बॉल धरायला बोटं घालायची तीन भोकं असतात, त्यांच्यावर आधी चिकटपट्टी घट्ट मारायची, कारण आत पाणी जाता कामा नये. वीस मिनिटांत तेल बाहेर येतं.

त्या दुपारचा बॉल मोठ्या मामाचा होता. ढब्बूमामाच्या दादाचा.

दादा जाऊन पाच महिने झाले होते. त्याच्या मुलीला आता त्याच बॉलने खेळायचं होतं. पण बॉलची भोकं एकाच माणसाच्या हाताच्या मापाची असतात. म्हणून ती बुजवून पोरीच्या मापाची नवी पाडायची ठरलं होतं. बॉल न्यायला मोठी मामी स्वतः येणार होती.

ढब्बूमामाला ते नको होतं. पण पोरीला नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

त्याने अंगठ्याच्या भोकात चिमटा घातला. खेळणारे लोक या भोकात आतून टेपचे छोटे तुकडे लावतात. अंगठा बारीक झाला, भोक सैल वाटायला लागलं, की एक तुकडा वाढवायचा.

मामा एकेक सोलून समोरच्या टाइलवर ओळीने चिकटवत गेला.

सात निघाले.

पूर्वी दोनच असायचे. दर महिन्याला हा बॉल मामाच धुवायचा. दोनाचे तीन झाले, मग पाच. "दादा, अंगठा झिजला की काय तुझा?" असं त्याने एकदा चिडवलंही होतं.

"ढब्बू, तुझा अंगठा निम्मा तरी जातो का यात? आधी ते जमव, मग बोल," दादा म्हणाला होता.

दोघं पोट धरून हसले होते. आजार कळला तेव्हा उशीर झालेला होता.

"मी मोजत होतो गं," मामा मला म्हणाला. "दर महिन्याला मोजत होतो. आणि हसत होतो." हे त्याने अजून मामीला सांगितलेलं नाही.

तर, त्याने भोकं बंद केली. बॉल बादलीत सोडला. पंधरा पौंडांचा बॉल, तळाशी जाऊन बसला. मामा चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेला.

टक...

बादलीला काहीतरी लागल्यासारखं. तो आत येऊन बघतो, तर बॉल तळाशी, पाणी शांत.

टाइलवर तुकडे सहा.

पडला असेल एखादा. त्याने वाकून सगळी फरशी बघितली. कुठेच नव्हता.

तो परत ओट्यापाशी गेला, पण कान बाथरूमकडेच होते.

टक... टक...

या वेळी बॉल वर आला होता.

तरंगत होता. चिकटपट्टी मारलेली बाजू वर. बादलीच्या कडेला हळू हळू लागत होता.

पंधरा पौंडांचा बॉल तरंगत नाही. मामाची वीस वर्षं गेलीत या कामात. त्याने हाताने दाबून बघितला. बॉल सहज खाली गेला, सहज वर आला. आजारपणात दादाला उचलून खुर्चीत बसवताना मामाचा हात असाच फसला होता. वाटलं त्याहून तो फारच हलका लागला होता.

टाइलवर तुकडे चार.

मामा तिथेच स्टुलावर बसला. टाइलवरून नजर हलवायचीच नाही, असं ठरवून बसला. कपाळावरचा घाम पुसताना साबणाचा हात डोळ्याला लागला. क्षणभरच डोळे मिटले...

टाइल कोरी होती.

त्याने बॉल बाहेर काढला. नेहमीसारखाच जड. चिकटपट्टी ओढून काढली. भोक आतून कोरडं.

आणि आत तुकडे होते. एकावर एक, जरासे तिरके. दादा लावायचा तसे.

मोजले. सात.

"का घातला ते नाही सांगता यायचं," मामा म्हणतो. पण त्याने भोकात अंगठा घातला.

जो अंगठा रिकाम्या भोकातही निम्माच जायचा, तो सात तुकड्यांवरून मुळापर्यंत गेला. आणि अलगद बाहेर आला.

तेवढ्यात बेल वाजली. मामी आली होती.

"झाला का भाऊजी?"

"वहिनी, हा बॉल मी देत नाही."

"अहो, पोर वाट बघतेय!"

"तिला मी नवा घेऊन देतो. उद्याच देतो. पण हा तिच्या हातात नको."

मामी चिडली होती, बोलणार होती. पण त्याच्याकडे बघता बघता तिचा आवाज उतरला.

"भाऊजी... तुम्ही बारीक झालात का हो?"

मी मामाला हट्टाने डॉक्टरांकडे नेलं. सगळ्या तपासण्या झाल्या, दोनदा झाल्या. "ठणठणीत आहात. वजन थोडं उतरलंय, चांगलंच आहे की!" डॉक्टर म्हणाले.

बॉल मामाच्या कपाटात आहे. पोरीने नव्या बॉलने खेळायला सुरुवात केलीय. मामा दर रविवारी कपाट उघडतो, आणि मी दर रविवारी त्याला फोन करते. मला करवत नाही, पण न करता राहवतही नाही.

परवाच्या रविवारी त्याने पहिल्याच रिंगला फोन उचलला.

"आत आठवा तुकडा आहे," तो म्हणाला. "मी नाही लावला गं."

"आणि... अंगठा?"

"अगदी मापात बसतो."