सांधलेला कप

विषय : टॅटम्स लँडिंग, जॉर्जिया, येथील कृष्णवर्णीय वस्तीच्या जुन्या दफनभूमीस ऐतिहासिक स्थळ म्हणून मान्यता मिळणेबाबत.

संदर्भ : श्रीमती वर्डेल गॅड्सडेन यांचा अर्ज, सोबत पुरावा म्हणून चिनी मातीचा एक कप.

उपरोक्त विषयाबाबत वस्तुस्थिती अशी की, अर्जात खोटं असं काहीही नव्हतं. सरकारदरबारी रखडायला एवढं कारण पुरतं.

वर्डेल शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाली. निवृत्तीनंतर माणसं बागेच्या किंवा चर्चच्या नादी लागतात, तशी ती वस्तीच्या नादी लागली. काळ्या मुलांची जुनी शाळा ओस पडली होती, तिथे तिने संग्रहालय थाटलं. भात पाखडायच्या गवती टोपल्या, बाप्तिस्म्याचे झगे, लढाईवरून न परतलेल्या मुलांचे फोटो. शनिवारी उघडं असे. येणारे बहुतेक वाट चुकलेले असत. मुलगी लोरीन तेवढी अटलांटाहून मुद्दाम यायची आणि आईने केलेला भात-वाटाणा खाऊन, पाट्यांवरची धूळ पुसून जायची.

खरा इतिहास मात्र खाडीच्या वरच्या अंगाला, सीडरच्या झाडांखाली होता. भाताच्या खाचरांत गुलाम म्हणून राबलेले लोक तिथे पुरलेले, आणि मग त्यांची मुलंबाळं. दगड कुणाच्याच डोक्याशी नव्हता. माणूस शेवटचं ज्या कपातून प्यायला, तो कप त्याच्या कबरीवर ठेवायचा, हीच रीत. ठेवण्याआधी घरच्या माणसाने त्याचा तळ फोडायचा. अखंड कपातून मेलेला पीत राहतो, आणि पिता पिता सोबतीला घरातलं कुणीतरी बोलावतो. म्हणून फोडायचा. याला वस्तीत ‘साखळी तोडणं’ म्हणत.

ती जमीन गोल्फच्या मैदानासाठी एका कंपनीने मागितली. मान्यता मिळाली तर दफनभूमी राहणार, नाहीतर तिच्यावर हिरवळ. पाहणीला व्हिटलो नावाचे अधिकारी आले. बूट चिखलाने भरू नयेत म्हणून ते कबरींच्या कडेलाच उभे राहिले.

“मॅडम, मला इथे फुटकी भांडी दिसताहेत.”

“त्या कबरी आहेत. ही माझी आई. तो पलीकडचा मग म्हणजे प्राइमसकाका.”

“उकिरड्यावरही अशीच भांडी असतात. समितीपुढे ठेवण्याजोगं काहीतरी द्या. जरा अखंड, नीटनेटकं.”

वर्डेलने नीटनेटकं केलं. सगळे कप टोपलीत भरून आणले, धुतले, तळाचे तुकडे जुळवून गोंदाने सांधले आणि फळीवर मांडले. खाली पाटी लावली : ‘अंत्यविधीतील एक समजूत’. समजूत काय ते तिला पाठ होतं. पाटी तिनेच लिहिली होती.

चर्चचे म्हातारे डीकन होझीया बघायला आले आणि टोपी न काढताच फळीसमोर उभे राहिले.

“हे काय मांडलंयस, मिस वर्डेल? दुकान?”

“पुरावा आहे, डीकन.”

“फुटका होता तोवर बरा होता.”

“इतकी वर्षं प्रवचनं केलीत, आणि गोंदाला भिता?”

“टेम्पीला मी ती जिवंत असतानाही भीत होतो.” ते हसले, पण नजर बायकोच्या कपावरून हलली नाही. “याचा तळ मी माझ्या हाताने फोडला होता. निदान मला विचारायचंस.”

सगळ्यांत देखणा कप वर्डेलच्या आईचा, निळ्या काठाचा. तो लोरीनने स्वतः अटलांटाच्या कार्यालयात नेऊन दिला. पावती मिळाली.

पुढच्या शनिवारी वर्डेलने दार उघडलं तेव्हा फळीवरचे कप काठोकाठ भरलेले होते. पाणी मचूळ, खाडीच्या चिखलाचा वास असलेलं. पाऊस झाला नव्हता. छप्पर कोरडं होतं. हा वस्तीतल्या टवाळांचा उद्योग, असं ठरवून तिने पाणी ओतलं आणि त्या संध्याकाळी कुलूप न लावता आतच बसून राहिली.

उजेड हळूहळू खिडकीतून मागे सरत गेला. बाहेरच्या रातकिड्यांचा आवाज एकदम थांबला. मग तो वास आला, ओल्या मुळांचा आणि बंद पेटीत राहिलेल्या कपड्यांचा. फळीच्या टोकाशी बारीकसा आवाज झाला. कप उचलला जावा तसा. मग घोट. सावकाश, तहानलेल्या माणसाचा. मग कप परत फळीवर ठेवल्याचा आवाज. त्यानंतर शेजारचा. एकेक करत तो आवाज तिच्या दिशेने येत होता, आणि अंधारात दिसत काहीच नव्हतं.

“कोण आहे?” ती कुजबुजली.

शेवटच्या कपानंतर फळीवर रिकामी जागा होती. तिथे तो आवाज थबकला.

“माझा कुठंय गं, वर्डी?...”

त्या नावाने तिला एकच बाई हाक मारत असे.

“आई...”

“लांब पाठवलास... एवढ्या लांब... बरं, जाते मी तिकडे...”

दार उघडल्याचं वर्डेलला आठवत नाही. शेजाऱ्यांना ती रस्त्यावर सापडली, अनवाणी.

त्याच आठवड्यात डीकन होझीया गेले. अंगणातल्या खुर्चीत, रविवारचा कोट घालून बसलेले, शेजारची खुर्ची आपल्याकडे ओढून घेतलेली. त्यांना पुरून आल्यावर वर्डेलने हातोडी घेतली आणि फळीवरच्या प्रत्येक कपाचा तळ पुन्हा फोडला. माफी मागत एकेक कप ज्याच्या त्याच्या कबरीवर ठेवून आली. आईची कबर तेवढी रिकामी राहिली.

तिच्या घराण्यात आता उरल्या होत्या दोघीच, ती आणि लोरीन. आणि कप लोरीनच्या शहरात होता.

तिने कार्यालयाला फोन लावला.

“पुरावा परत हवाय? अर्ज चालू असताना मिळत नाही, मॅडम,” तिकडची बाई म्हणाली.

“मग निदान त्याचा तळ फोडा. माझं एवढं ऐका.”

“सरकारी ताब्यातली वस्तू आहे ती. माझी नोकरी जाईल. अर्ज मागे घेतलात तर परत मिळेल.”

अर्ज मागे घेणं म्हणजे सगळ्यांवरून यंत्र फिरणार. होझीयांवरून, टेम्पीवरून, प्राइमसकाकांवरून, आईवरून. ज्यांना जगताना नाव लावू दिलं नाही आणि मेल्यावर दगड मिळाला नाही, त्यांना सहीनिशी पुसून टाकायचं, आणि तेही इतिहासाच्या बाईने. वर्डेल रात्रभर स्वयंपाकघरात बसली. सकाळी तिने अर्ज मागे घेत असल्याचं लिहून दिलं.

कार्यालयाने कळवलं की अर्ज मागे घेण्याची विनंती हाही एक अर्जच असून तो समितीपुढे ठेवावा लागेल. कंपनीला मात्र ही बातमी समितीच्या आधी पोचली. सीडरची झाडं पडली, मग जमीन सपाट झाली. फोडलेल्या कपांचा चुरा मातीत असा मिसळला की पुरावा म्हणून चिमूटभरही दाखवता येऊ नये.

वर्डेलने पुन्हा फोन केला. दफनभूमी गेली, आता कप तरी द्या, म्हणाली.

“कोणता?” बाईने विचारलं.

“कोणता म्हणजे?”

“तुमच्या फाइलसोबत दोन आहेत. एक निळ्या काठाचा. दुसरा पांढरा मग, पिवळं बदक काढलेला. त्याची आमच्याकडे नोंद नाही. तो कधी पाठवलात?”

पहिली नोकरी लागली तेव्हा वर्डेलने लोरीनला तो मग दिला होता. लोरीन रोज सकाळी त्यातूनच कॉफी प्यायची.

“मॅडम? ऐकताय ना? तळाशी थोडी कॉफी राहिलीय. कुणी ठेवला कळत नाही... अजून कोमट आहे.”

वर्डेलने फोन ठेवला आणि लोरीनचा नंबर लावला. घंटा वाजत राहिली. कुणी उचलला नाही.

दोन्ही अर्ज समितीच्या विचाराधीन आहेत.