तिसरा गिअर

डोळे मिटू नका. नुसती कल्पना करा.

तुम्ही नऊ वर्षांचे आहात. एका जुन्या मारुतीत, पुढे डावीकडच्या सीटवर बसला आहात. उजवीकडे बाबा गाडी चालवताहेत. मधोमध गिअरचा दांडा आहे. त्याच्या मुठीवर तुमचा उजवा हात... आणि तुमच्या हातावर बाबांचा.

छान वाटतंय ना?

तिलाही वाटायचं.

हे घडलेलं आहे. जिच्या बाबतीत घडलं, तिनंच मला सांगितलं, आणि सांगताना दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते. २००१ सालच्या मे महिन्यातला शेवटचा रविवार. संध्याकाळचे साडेपाच. नायगावच्या मिठागरांकडचा रस्ता. अंधार नव्हता. लख्ख ऊन होतं.

मला तेच जास्त खटकतं.

मुलीचं नाव अनुष्का. राहायला तुळिंजला. तिच्या बाबांची, श्रीरंगांची, कंपनी त्या वर्षी बंद पडली. दोन महिने घरात येरझाऱ्या घालून त्यांनी ठरवलं, की जूनपासून शाळेच्या मुलांची ने-आण करायची. त्यासाठी गाडी घेतली ती बंद पडलेल्या एका ड्रायव्हिंग स्कूलची. डाव्या सीटच्या पायाशी पत्र्याला दोन ठिगळं होती. शिकवणाऱ्याचा वेगळा क्लच आणि ब्रेक पूर्वी तिथे असायचा.

गाडी पळायची. गिअर मात्र...

गल्लीच्या तोंडाशी आग्नेलचं गॅरेज होतं. त्यानं दांडा एकदा गोल फिरवून पाहिला.

"श्रीरंगभाऊ, हा गिअर आहे की खिचडीतला डाव? कुठेही फिरवा, लागत कुठेच नाही."

त्याहून वाईट म्हणजे, खड्डा आला की तिसरा गिअर आपोआप सुटायचा. खट्... आणि गाडी नुसती गुरगुरत राहायची.

वरच्या मजल्यावरच्या सीमाताईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "सोमवारी सकाळी मी स्वतः मागे बसून बघणार. मग माझ्या उमंगला पाठवेन." बिल्डिंगमधली आणखी चार घरं सीमाताईंच्या तोंडाकडे बघून होती.

त्या रात्री आई, आशालता, हळू आवाजात म्हणाली, "त्या नाही म्हणाल्या, तर गाडी विका. आपण गावी, कणकवलीला जाऊ. अनुष्काचं नाव तिकडच्या शाळेत घालू."

अनुष्का झोपेचं सोंग घेऊन सगळं ऐकत होती. तिला कणकवलीला जायचं नव्हतं.

शनिवारी श्रीरंग आग्नेलचा जॅक घेऊन गाडीखाली शिरले. अनुष्का वर सीटवर. ते सांगतील तसा दांडा हलवायचा, एवढं तिचं काम.

आता नीट ऐका, म्हणजे तुम्हालाही कळेल. गिअरच्या दांड्यापासून गाडीखाली एक लांब सळई जाते. सळईच्या सांध्यात छोटीशी कडी असते, तिला बुश म्हणतात. ती झिजली, की हात एक सांगतो आणि गिअर दुसरंच ऐकतो. श्रीरंगांनी हवाई चपलेच्या टाचेतून रबर कापून ते सांध्यात बसवलं. वर दोन वॉशर. मग भरपूर ग्रीस. मुठीच्या पोकळीत एक मोठा नट घालून ती एम-सीलनं बुजवली. मूठ जड असली, की एकदा ढकलल्यावर ती आपल्याच वजनानं पुढे जाते.

एकेक आवाज बंद होत गेला.

आधी खालची खडखड गेली. मग मुठीची थरथर. मग सळईची किणकिण.

सगळं शांत झालं, तेव्हा एक आवाज उरला.

टक्... टक्.

डॅशबोर्डवर. डाव्या बाजूला. गिअर बदलायच्या जरा आधी.

श्रीरंगांनी डॅशबोर्डच्या फटीत जुन्या बनियनच्या चिंध्या कोंबल्या.

टक्... टक्.

आग्नेल खिडकीत वाकून ऐकत होता. हात पुसता पुसता थांबला.

"या गाडीवर शिकवायचे ते नरहरी मास्तर असंच करायचे," तो म्हणाला. "अंगठीनं दोन टकटक. म्हणजे, बाळा, आता गिअर बदल."

"ते कुठे असतात आता?" श्रीरंगांनी विचारलं.

"गेले. शिकवता शिकवताच." त्यानं अनुष्काच्या सीटकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "दोन चौक पुढे जाईपर्यंत शिकणाऱ्याला कळलंसुद्धा नाही."

"आग्नेल, पोरीसमोर काहीतरी बोलू नकोस."

आग्नेलनं जॅक लगेच परत मागितला.

रविवारी संध्याकाळी बापलेक गाडी चालवून बघायला नायगावकडे निघाले. दोघांचा एक जुना खेळ होता. बाबा क्लच दाबून "हं" म्हणायचे, अनुष्का दांडा सरकवायची, वर बाबांचा हात.

पहिला. दुसरा.

टक्... टक्.

"हं."

तिसरा. दांडा लोण्यात सुरी जावी तसा गेला.

पुढे खड्डे होते. अनुष्कानं श्वास धरला. गाडी आदळली... उसळली... पुन्हा आदळली.

तिसरा गिअर सुटला नाही.

"बघितलंस?" बाबा हसत होते. कितीतरी दिवसांनी. "चपलेचा तुकडा, बाई. चपलेचा तुकडा!" त्यांनी स्टिअरिंगवर ताल धरला.

दोन्ही हातांनी.

अनुष्कानं ते पाहिलं. बाबांचा उजवा हात स्टिअरिंगवर. डावा हातही स्टिअरिंगवर.

आणि तिच्या हातावरचा भार... तसाच होता.

मान खाली घालायला तिला फार वेळ लागला. तिथे कुणाचाच हात दिसला नाही. फक्त तिचा. पण बोटं दाबली गेली होती, नखं पांढरी पडली होती. तिच्या अंगठ्यावर, अगदी त्याच बाजूनं, दुसरा अंगठा टेकलेला होता.

तुम्ही करून पाहा. शेजारच्यानं आपला डावा हात तुमच्या उजव्या हातावर ठेवला, तर त्याचा अंगठा उलट्या बाजूला येतो. अंगठ्यावर अंगठा येतो, तो उजव्या हातावर उजवा हात ठेवला तरच.

म्हणजे तो हात बाबांच्या बाजूनं आलाच नव्हता.

तो तिच्या बाजूनं आला होता. तिच्याच सीटवरून.

तिनं पाठ सीटपासून सोडवली. हात हिसकून घेतला.

खट्.

तिसरा सुटला. गाडी गुरगुरत रस्त्याच्या कडेला थांबली. दोन्ही बाजूंना मिठाचे ढीग पांढरे चमकत होते. जवळपास चिटपाखरू नव्हतं.

"काय केलंस गं?"

"काही नाही, बाबा."

श्रीरंगांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. परतीच्या वाटेवर तिसरा चार वेळा सुटला. अनुष्का दाराला चिकटून, हात बगलेत घालून बसली होती.

सोमवारी सकाळी सात वाजता सीमाताई मागच्या सीटवर बसल्या. सोबत उमंग.

"अनुष्का पुढे का?"

"तिला सवय आहे. मुलं कशी बसतील, ते तुम्हाला दिसेल," श्रीरंग म्हणाले. त्यांचा शर्ट सकाळीच पाठीला चिकटला होता.

गाडी निघाली. पहिला लागला. दुसरा लागला.

"आवाज नाही हो काही," सीमाताई म्हणाल्या. "मी तर ऐकलं होतं, गिअर खराब आहे म्हणून."

"होता. दुरुस्त केला."

टक्... टक्.

"हे काय वाजलं?" उमंगनं विचारलं.

श्रीरंगांनी तिसरा टाकला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर घेतले. पुढे खोदलेला रस्ता होता, साधारण पन्नास पावलांचा. गाडी त्यात उतरली. मूठ थरथरायला लागली. दांडा केसभर मागे आला... आणखी केसभर.

अनुष्कानं बाबांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते.

अनुष्का आता मोठी आहे. मी तिला एकदाच विचारलं, की तेव्हा तू घाबरली नव्हतीस का. ती म्हणाली, हात थंड नव्हता हो, तीच तर भीती.

दांडा सुटायला आला होता.

तिनं पाठ सीटला नीट टेकवली. उजवा हात मुठीवर ठेवला. आणि बोटं जराशी फाकवून, तिनं वर जागा करून दिली.