टोकावरच्या घरातला हात

यातलं एक अक्षरही मी माझ्या पदरचं घातलेलं नाही. ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं समजावं. पण त्या दिवसापासून मी माझा उजवा हात उशाखाली घेऊन झोपते, आणि ते काही हौसेने नाही.

तारीख सतरा ऑक्टोबर, गेल्या वर्षीची. दुपारचे सव्वाचार. ठिकाण, हॅरोज बँकचं उत्तर टोक.

आमचं हॅरोज बँक म्हणजे नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यासमोर पसरलेला वाळूचा लांबलचक पट्टा. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. सहा वर्षांपूर्वी इथे एका सिनेमाचं शूटिंग झालं. सिनेमा तुफान चालला आणि ती ठिकाणं बघायला माणसं येऊ लागली. मी रेटा गास्किल. माझ्या जुन्या ट्रकमधून मी त्यांना फिरवायची. हा धक्का, हे चर्च, इथे नायिका रडली, इथे नायक बुडता बुडता वाचला...

त्या दिवशी एकच बाई आली. मर्ना केसलिंग, ओहायोहून. साठीची, बारकी, अंगावर पुरुषी रेनकोट. हातात एक फाईल.

फाईलमध्ये सिनेमातली सात दृश्यं छापलेली होती. प्रत्येकात मागच्या गर्दीतल्या एका मुलीभोवती पेनाने गोल.

"ही माझी कोरीन," ती म्हणाली. "एकोणीस वर्षांची होती. गर्दीत उभं राहायचं काम मिळालं होतं तिला."

मला कळलं. बेटावर सगळ्यांनाच ते माहीत होतं. शूटिंगच्या शेवटच्या दिवशी टोकाकडे एक मुलगी पाण्यात उतरली होती. ती सापडली नाही. तिचं काहीच सापडलं नाही.

"तुम्ही पाहिलं होतं तिला?"

मी तेव्हा शूटिंगवाल्यांच्या जेवणाच्या तंबूत वाढायला होते. रोज दोनशे माणसं ताट घेऊन पुढून जायची. मला ती मुलगी अजिबात आठवत नव्हती.

पण त्या बाईचे डोळे...

"हो," मी म्हणाले. "गोड होती. सारखी हसायची."

मर्नाने माझा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही.

मग आम्ही एकेक ठिकाण केलं. ती फोटो काढत नव्हती. फाईल उघडायची, कोरीन जिथे उभी होती तिथे नेमकी उभी राहायची, तोंडही त्याच दिशेला. एक मिनिट. मग म्हणायची, "चला."

सहावं ठिकाण म्हणजे मासेमारीचा धक्का. तिथे माझा चुलतभाऊ क्लॉईस कोळंबीची जाळी धूत होता.

"काय गं रेटे, आज एकच गिऱ्हाईक? तुझ्या बडबडीला कंटाळून बाकीच्यांनी पोहत पळ काढला की काय?" मग त्याने मर्नाच्या हातातली फाईल पाहिली, आणि हसणं थांबवलं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "टोकाकडे नको जाऊस. धुकं येतंय. आणि भरती लागलीये."

"अर्ध्या तासात परत येते."

"तू काय, ऐकणार थोडीच आहेस!"

सातवं ठिकाण म्हणजे टोकावरचं घर. सिनेमावाल्यांनी खास बांधलेलं, उंच खांबांवरचं. दोन वर्षांपूर्वीच्या वादळात ते घर समुद्राने नेलं. उरले फक्त खांब. मी मर्नाला ते आधीच सांगितलं होतं.

"मी खांबांपाशी उभी राहीन," ती म्हणाली. "तिथून ती शेवटची उतरली."

आम्ही वाळूवरून निघालो. वाटेतच धुकं आलं. खांबांच्या अलीकडे मी ट्रक थांबवला, इंजिन चालू ठेवलं, दिवे चालू ठेवले.

खाली उतरलो आणि...

आवाज नव्हता.

समुद्र पन्नास पावलांवर. भरती चढतेय. आणि लाटांचा आवाज नाही. पक्षी नाहीत. वारा नाही. मागे वळून पाहिलं तर ट्रक दिसत होता, पण इंजिनची घरघर ऐकू येत नव्हती.

"मर्ना, परत जाऊ या."

तेवढ्यात वरून आवाज आला...

फट्.

जाळीचं दार मिटल्याचा आवाज. कुणीतरी घाईत बाहेर पडावं आणि दार मागून आपटावं, तसा.

मग अनवाणी पावलं. लाकडी फळ्यांवरून धावणारी. आमच्या डोक्यावरून.

मी वर पाहिलं. वर धुक्याशिवाय काही नव्हतं.

पावलं जिन्यावरून उतरावीत तशी खाली खाली आली... आणि पाण्यात उतरली.

छपक्... छपक्... छपक्...

"कोरीन!" मर्ना ओरडली आणि धावत सुटली.

मी तिच्या मागे. दहा पावलांत ती दिसेनाशी झाली. पाणी गुडघ्यापर्यंत आलं. मग कमरेपर्यंत. बर्फासारखं. मी हाका मारत होते, पण माझाच आवाज कापसात गुंडाळल्यासारखा येत होता. बाई बुडाली. मी तिला इथे आणलं, मी तिला खोटं सांगितलं, आणि आता ती बुडाली...

मी पाण्यात हात फिरवत होते. वेड्यासारखी. देवा, एकदा हाताला लागू दे. एकदाच.

आणि हात लागला.

थंडगार बोटं माझ्या मनगटाभोवती आवळली गेली. मी रडायलाच लागले.

"धरलं तुला! सोडू नकोस, मर्ना. सोडायचं नाही!"

मी मागे वळले आणि ओढत निघाले. जड जात होतं. मागून श्वास ऐकू येत होता, खूप दमलेल्या माणसाचा. पाणी कमरेवरून मांड्यांवर आलं, मग गुडघ्यांवर. समोर धुक्यात ट्रकचे दिवे दिसले.

"आलोच आपण. चार पावलं, बाई. चारच."

दिव्यांच्या उजेडात, ट्रकला टेकून, कुणीतरी बसलं होतं.

नखशिखांत भिजलेली. पुरुषी रेनकोट.

मर्ना.

"रेटा, कुठे होतीस?" ती कापत म्हणाली. "मी केव्हाची तुला हाका मारतेय..."

मग तिची नजर माझ्या खांद्यामागे गेली. तिचं तोंड उघडलं. दोन्ही हात पुढे आले.

माझ्या मागे अजूनही कुणीतरी श्वास घेत होतं.

मी हात सोडला.

विचार केला नाही. मागे पाहिलं नाही. सोडला. पण त्या बोटांनी मला सोडलं नव्हतं. मी झटका दिला. तरी नाही. मी दुसऱ्या हाताने एकेक बोट उपसून काढलं. शेवटच्या बोटाचं नख माझ्या कातडीवरून ओरखडत गेलं...

मागे पाण्यात काहीतरी पडलं.

आणि एकदम सगळे आवाज परत आले. लाटा, वारा, इंजिन. आणि त्या सगळ्यांवर मर्नाची किंकाळी.

"का सोडलास? अगं, का सोडलास तिला!"

ती पाण्याकडे धावली. मी तिला वाळूत पाडून तिच्या अंगावर पडून राहिले. तिने मला बोचकारलं, चावली. क्लॉईस शोधत आला तेव्हाही आम्ही तशाच होतो. दोन दिवस बोटी फिरल्या. काही मिळालं नाही.

मी टोकाकडे जाणं कायमचं बंद केलं. मर्ना ओहायोला परत गेली नाही. इथेच खोली घेऊन राहिली आहे, लाँड्रीत कपड्यांच्या घड्या घालते. तिने मला कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

माझ्या मागे काय दिसलं, ते ती सांगत नाही. तो हात कोरीनचाच होता का, हे मला माहीत नाही. तसं तिला म्हणायची माझी हिंमत नाही.

पण धुकं पडलं की ती माझ्या दारात येते. खुर्चीवर बसते. बाही वर सरकवते आणि हात पुढे करते.

"तिने कसं धरलं होतं तुला, दाखव."

मी तिचं मनगट धरते.

"एवढंच?"

"नाही. आणखी घट्ट."

"मग धर तसं."

मी आवळते. ती डोळे मिटून बसून राहते. तिच्या मनगटावर वळ उठतात, तरी हलत नाही.

परवा पुन्हा धुकं होतं. बराच वेळ ती तशीच बसली होती. मग डोळे न उघडता, अगदी हळू म्हणाली...

"आता सोड. तिला सोडलंस तसं."

मला जमलं नाही. शेवटी तिनेच माझं एकेक बोट उपसून काढलं.