किती दिवसांसाठी आलात?

पहिल्या भेटीत मी त्या दातांच्या डॉक्टरांशी एक शब्दही धड बोलू शकले नाही. अर्धा जबडा बधिर, तोंडात कापसाचे बोळे, आणि खुर्ची अशी अडकलेली की डोकं खाली, पाय वर. दुखरी दाढ दाखवायला आलेली मी छताकडे बघत लटकले होते.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाले. घाबरले होते ते स्वतःच. खुर्ची नवी होती, चीनहून आलेली, आणि तिच्या छोट्या पडद्यावर चिनी अक्षरं लुकलुकत होती. त्यांनी एकेक करून सगळी बटणं दाबून पाहिली.

मी मान तिरकी करून अक्षरं वाचली. मग त्यांच्या खिशातलं पेन काढून तळहातावर लिहिलं — 'तुमचा पाय पॅडलवर आहे.'

त्यांनी खाली पाहिलं. पाय उचलला. खुर्ची हळूच सरळ झाली.

"तुम्हाला चिनी वाचता येतं?" कानापर्यंत लाल होत त्यांनी विचारलं. मी मान हलवली आणि हसले… अर्ध्याच चेहऱ्याने. त्यांनी मास्क खाली ओढला आणि तेही हसले. एका गालावर खळी होती.

चार दिवसांनी पुन्हा बोलावलं होतं. या वेळी बधिर करायच्या आधी त्यांनी विचारलं, "चीनला किती वर्षं होता?"

"सहा. बुटांच्या कारखान्यात दुभाषी होते."

"आणि आता किती दिवसांसाठी आलात?"

हा प्रश्न सगळे विचारत. मामा, शेजारच्या काकू, इस्त्रीवाले. ठरलेलं उत्तर होतं, महिनाभरासाठी. पण त्या दिवशी तोंडातून भलतंच निघालं.

"कायमची आलेय."

बोलून गेले आणि छातीवरचं ओझं एकदम उतरल्यासारखं झालं. मग थांबताच येईना. तिथली माणसं वाईट नव्हती, मी सांगितलं. ताप आला की घरमालकीण उशाशी गरम पाण्याचा थर्मास ठेवून जायची. पण दिवसभर मी दुसऱ्यांची वाक्यं बोलायचे, आणि चौदाव्या मजल्यावरच्या खोलीत आल्यावर माझी स्वतःची वाक्यं ऐकायला कोणी नसायचं. शेवटी शेवटी तर मी किटलीशी गप्पा मारायला लागले होते.

"किटली काय म्हणायची?"

"तापट होती जरा."

ते हसले, मग गंभीर झाले. "घरी सांगितलंत?"

"नाही. आई माझी नोकरी सगळ्या बिल्डिंगला सांगत फिरते. माझ्या खोलीत वहिनी शिकवण्या घेते. मी हॉलमध्ये झोपते, पाहुण्यासारखी. कंपनीला शनिवारपर्यंत कळवायचंय, परत येतेय की नाही."

"दुखत असून दुखत नाही म्हणणारे पेशंट मला रोज भेटतात," ते हळूच म्हणाले. "आ करा."

तिसऱ्या भेटीत बराच वेळ त्यांचा छोटा आरसा माझ्या तोंडात फिरत राहिला. कंपनीला कळवायचा शनिवार उजाडला, आणि त्या दिवशीच्या चौथ्या भेटीतही तेच. मग हातमोजे काढत ते म्हणाले, "झालं. आता सहा महिन्यांनी दाखवायला या. तुम्ही… असाल ना इथे?"

"डॉक्टर म्हणून विचारताय?"

ते खिडकीकडे बघत म्हणाले, "काम मागच्याच वेळी संपलं होतं. आज मी नुसताच आरसा फिरवला."

"म्हणजे मी उगाच आ वासून बसले होते?"

"पंधरा मिनिटं. चुकलंच माझं… पण तुम्ही गेलात तर पुन्हा कधी दिसणार, ते कळत नव्हतं."

माझे कान तापले. रागवायला हवं होतं, पण हसूच येत होतं. "आज घरी सांगते," मी म्हटलं. "आत्ताच."

"मी येऊ? वर नाही… खाली थांबेन नुसता."

आई स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. मी तिच्यासमोर बसले, एक शेंग उचलली आणि म्हटलं, "आई, मी परत जाणार नाहीये."

तिचे हात थांबले. "खरंच?"

"तुला वाईट वाटेल म्हणून…"

"मला?" तिने पदराने डोळे टिपले. "तुझी बॅग दिसू नये म्हणून रोज तिच्यावर चादर टाकते मी."

"मग लोकांना इतक्या कौतुकाने नोकरीचं का सांगायचीस?"

"तू जवळ नव्हतीस ना गं. तुझ्याबद्दल सांगायला माझ्याकडे तेवढंच होतं."

मी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. मग फोन घेऊन मी तिच्यासमोरच कंपनीला दोन ओळी लिहिल्या, आणि पाठवूनही टाकल्या. आईने नाक पुसलं, उठून खिडकीतून खाली पाहिलं.

"तो कोण उभा आहे गं? मघापासून वरच बघतोय."

"दातांचे डॉक्टर आहेत."

"घरापर्यंत येतात?"

"सगळ्यांच्या नाही येत."

आईने माझ्याकडे नीट पाहिलं. "मग उन्हात काय उभं करून ठेवलंयस? वर बोलाव."

मी दोन-दोन पायऱ्या उतरत खाली पोचले. मला बघून ते पुढे आले आणि मध्येच थबकले. "काय झालं?"

सहा वर्षांत हजारो वाक्यं बोलले होते मी, एकही माझं नव्हतं. हे माझं होतं.

"इथेच राहणार आहे. आई वर बोलावतेय… चल."

"चल?" गालावर खळी उमटली. "आत्तापर्यंत 'चला' होतं."

"मग चालणार नाही का?"

"चालेल," तो म्हणाला. "पण तू पुढे हो. मला तुझं घर माहीत नाही."